पद्मिनीला कोण उचलून नेणार?

रोडसाइड असिस्टन्सच्या माहितीपत्रकावर एक कुटुंब हमखास असतं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बॉनेट उघडं आणि नवरा-बायको व दोन मुलं पिवळ्या जाकिटातल्या मेकॅनिककडे हसतमुखाने बघतायत. गाडी बंद पडल्यावर इतकं खूश होणारं कुटुंब महाराष्ट्रात अजून कुणाच्या पाहण्यात आलेलं नाही. आपल्याकडे अशा वेळी बायको म्हणते, "निघतानाच म्हटलं होतं." मुलांना तत्काळ भूक लागते. मागच्या सीटवरचे आजोबा खाली उतरतात आणि १९७२ साली आपण खंडाळ्यात काय केलं होतं ते बॉनेटखाली डोकं घातलेल्या चिरंजिवांना सविस्तर सांगायला घेतात. चित्रातली गाडी मात्र कोरी करकरीत असते. म्हणजे जी गाडी बंद पडण्याची फारशी शक्यताच नाही, तिला उचलून न्यायला अख्खी यंत्रणा कंबर कसून उभी आहे.

आणि जी हमखास बंद पडते तिचं काय? तिची सोय मागच्या पानावर, बारीक अक्षरांत: योजना घेण्याच्या दिवशी वाहनाचं वय इतक्या वर्षांहून अधिक नसावं. कुठे ही मर्यादा दहा वर्षांची, कुठे पंधरा वर्षांची. विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. वर्षाच्या काही शे रुपयांत ती ही सोय देते आणि एकदा गाडी उचलून न्यायची तर क्रेनवाला काही हजार मागतो. दिवाळी, गणपती, शिमगा आणि मे महिना अशा चारही मोसमांत बंद पडणाऱ्या गाडीचा हिशेब तिला कसा परवडावा?

मोटार विम्यात गाडीची जी किंमत धरतात, म्हणजे आयडीव्ही, तिचा एक तक्ता असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, आणि असं उतरत उतरत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षं ओलांडली की तक्ता संपतो. पुढे किंमत कंपनीने आणि मालकाने परस्परसंमतीने ठरवायची. कागदावर हे फार सभ्य वाटतं. प्रत्यक्षात मालक जी किंमत सांगतो तिच्यात वडिलांनी याच गाडीतून शाळेत सोडलेलं असतं, लग्नाची वरात निघालेली असते आणि गेल्याच वर्षी केलेला रंगही असतो. सर्वेअर जी सांगतो तिच्यात भंगाराचा भाव असतो.

मग मालकाला वाटतं, आपली गाडी जुनी नव्हेच, ती विंटेज! ही पळवाटही सरकारने आधीच बुजवून ठेवली आहे. मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये विंटेज गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २५ टक्के सूट आहे, पण गाडी ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची हवी आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र हवं. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नवे नियम आणले. त्यात पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी चालते, तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, फी वीस हजार रुपये. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच रस्त्यावर आणता येते, रोज भाजीला नेता येत नाही. आता १९८५ सालची पद्मिनी घ्या. ती विंटेजसाठी कोवळी आणि रोडसाइडसाठी म्हातारी. आरटीओला मात्र तिचं वय नेमकं ठाऊक असतं. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली ती काही नव्या गाडीवाल्यांसाठी नव्हे.

एवढं सगळं कळूनही मालक हेल्पलाइनला फोन लावतोच.

"गाडीचं मॉडेल सांगता का सर?"

"पद्मिनी."

"सर, मॅडमचं नाव नकोय. गाडीचं मॉडेल."

"अहो, गाडीच पद्मिनी. प्रीमियर पद्मिनी."

पलीकडे की-बोर्डची टकटक. "सर, लिस्टमध्ये प्रीमियर दिसत नाहीये."

"मग फियाट टाका."

"फियाटमध्ये पुंटो आहे, लिनिया आहे. कुठली घेऊ?"

त्या मुलीचा यात काहीही दोष नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि नव्या शतकाच्या तोंडावर बंद झाली. फोनवरची मुलगी बहुधा त्याच सुमारास जन्मलेली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ताडदेव आरटीओत नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी गहिवरून लेख लिहिले. पण ज्यांच्या घराखाली ती अजून उभी आहे आणि दर पावसाळ्यात जिचा स्टार्टर रुसतो, अशा खाजगी मालकांची दखल घ्यायला त्या लेखांत जागा उरली नसावी.

समजा, कुणीतरी योजना दिली. ती वाचायला घेतल्यावर खरी करमणूक सुरू होते. बहुतेक योजनांत पाच लिटरपर्यंत पेट्रोल आणून देतात, पेट्रोलचे पैसे आपले. स्टेपनी बदलून देतात, स्टेपनी आपली आणि तिच्यात हवा असणंही आपल्याकडे. किल्ली आत राहिली तर दार उघडून देतात. पद्मिनीच्या बाबतीत ते काम शेजारचा कुठलाही मुलगा पट्टीने करतो. जागच्या जागी होणारी किरकोळ दुरुस्ती करतात, सुटे भाग सोडून. आणि तेवढ्यानेही जमलं नाही, तर गाडी 'जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला' पोचवतात.

जुन्या गाडीवाल्याने पेन हातात घेऊन अधोरेखित करावं असं वाक्य हेच. पद्मिनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? अ‍ॅम्बॅसडरचं? ती उत्तरपाड्याला २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत होती, आता नाही. काँटेसाचं २००२ साली आटोपलं. प्युजो ३०९ नव्वदच्या दशकात चक्क कल्याणला बनत होती, हे आज कल्याणकरांनाही शपथेवर सांगावं लागतं. देवूने सिएलो आणि मॅटीझ आणल्या आणि स्वतःच बुडाली. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ साली कारखाने बंद करायचं जाहीर केलं. वयाने तरुण असूनही एका रात्रीत पोरक्या झालेल्या या गाड्यांचे मालक पद्मिनीवाल्यांच्या पंगतीत नव्यानेच येऊन बसलेत आणि अजून थोडे बुजतात. मारुती ८०० वाले तेवढे निश्चिंत. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी दिली गेली तेव्हापासून २०१४ पर्यंत ती इतकी विकली गेली की तिची क्लच प्लेट तालुक्याच्या गावीही मिळते. त्यांनी या लेखाचा उरलेला भाग वाचला नाही तरी चालेल.

बाकीच्यांना गाडी अधिकृत सेंटरला नकोच असते. त्यांना ती आपल्या मिस्त्रीकडे न्यायची असते. मिस्त्री म्हणजे ज्याच्याकडे नाना पेठेतून किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारातून शोधून आणलेली डिस्ट्रिब्युटर कॅप एका डब्यात जपून ठेवलेली आहे, तो. म्हणून योजना निवडताना पहिला प्रश्न हाच की गाडी मी सांगेन तिथे पोचवाल का, आणि किती किलोमीटरपर्यंत? पुण्याच्या गाडीला महाडजवळ पन्नास किलोमीटरची मर्यादा लागली, तर ती तुम्हाला महाडच्या जवळपासच कुठेतरी, तुमच्यापेक्षा जास्त गोंधळलेल्या गॅरेजवाल्याच्या हवाली करते. उरलेल्या किलोमीटरांचा दर आधी विचारून ठेवलेला बरा. रात्री दोन वाजता क्रेनवाल्याशी घासाघीस करायची ताकद सगळ्यांत नसते.

आता येणाऱ्या तंत्रज्ञाबद्दल. तो वेळेवर येतो, नम्र असतो आणि त्याच्याकडे स्कॅनर असतो. स्कॅनर जोडायचा प्लग तो डॅशबोर्डखाली शोधतो. मिळत नाही. मग गिअर शोधतो. खाली काहीच नसतं, कारण पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. तोवर मालकाने मागच्या सीटवरून पंचा काढून बाटलीतल्या पाण्यात भिजवलेला असतो. पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनला लागून असलेल्या छोट्या यांत्रिक पंपावर, तो गुंडाळला जातो. एप्रिलच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि गाडी खोकून थांबते. पंप थंड झाला की चालू होते. ही विद्या माहिती असलेल्या माणसाला तंत्रज्ञ लागत नाही, आणि नसलेल्याला तो तंत्रज्ञ उपयोगाचा नाही. पॉइंटमधलं अंतर पाव मिलिमीटरने सरकलं, कंडेन्सर मेला, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला, हे सगळे रोग कानाने ओळखायचे. स्कॅनरला कान नसतात.

बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट हे तरी सर्वांना सारखं असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, मॉरिस मायनर धरून, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आज असतं त्याच्या बरोब्बर उलट. १९६७ पूर्वीच्या बऱ्याच फोक्सवॅगन बीटलना बॅटरीच सहा व्होल्टची होती. अशा गाडीला घाईघाईने आजची बारा व्होल्टची केबल लावली, तर मदतीला आलेल्या गाडीचीही सोय दुसऱ्या कुणालातरी करावी लागते. शहाणे मालक बॉनेटच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवून ठेवतात. मराठीत, हिंदीत आणि एका घरात तर कोकणीतही.

पुढचा प्रश्न टोचनचा. दोर बांधून पुढच्या गाडीने ओढत न्यायची आपली परंपरा दणकट आहे, पण पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरती ठेवून तिला लांबवर नेलं, तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सच्या आत तेल उडत नाही आणि बेअरिंग कोरडी फिरतात. गाडी पॉइंटच्या बिघाडासाठी निघते आणि गिअरबॉक्सच्या बिघाडासह पोचते. ऑटोमॅटिक गाडीची याहून वाईट गत. त्यामुळे 'टोइंग' असं मोघम लिहिलेलं असेल तर ते कशाने, हे विचारायचं. फ्लॅटबेड असेल तर ठीक, हूकवाली क्रेन असेल तर पुन्हा विचार.

आणि बसक्या गाड्यांना फ्लॅटबेडही जपून. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनली. इंजिन रेनोचं, बॉडी फायबरची. अशी एखादी गाडी ज्याच्या पडवीत आहे, तो क्रेनचा हूक नुसता दुरून बघूनही हबकतो. फायबरला हूक लावला की हूक येतो, गाडी जागीच राहते. तिला लांब फळ्या लावून हलकेच चढवणारा माणूस हवा. पुण्यात १९९५ पासून बनू लागलेल्या सुरुवातीच्या मर्सिडीज ज्यांनी सांभाळून ठेवल्यात, त्यांची चिंता वेगळी. त्यांना क्रेनवाला गाडी ओढताना बंपर कुठून धरतो याचा व्हिडिओ हवा असतो. तंत्रज्ञाचं वय, अनुभव आणि हातातली अंगठीसुद्धा ते बघतात.

इथे एक आडवळण. गाडीवाल्यांना रस्त्यात मदत करायची संघटित कल्पना मुळात पोलिसांना चुकवण्यातून आली. इंग्लंडमध्ये १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती वेगमर्यादेचे सापळे कुठे लावलेत ते सभासदांना कळवायला. सायकलवरचे तिचे गस्तकरी सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकत. कोर्टाने सापळ्याची सूचना देणं गुन्हा ठरवल्यावर त्यांनी युक्ती काढली: पुढे सापळा असेल तर सलाम ठोकायचाच नाही. सलाम न केल्याबद्दल कुणाला शिक्षा करणार? त्याच धर्तीची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईत १९१९ साली सुरू झाली आणि आजही आहे. अशा संघटनेच्या सभासदाला विम्याच्या टॅरिफमध्ये हप्त्यावर ५ टक्के सूट असते, कमाल दोनशे रुपये. दोनशे रुपयांसाठी सभासद होणारे फार नसावेत. पण विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या गाडीचं नाव ऐकून जिथे 'स्पेलिंग सांगता का' असं विचारत नाहीत, त्या ठिकाणाची किंमत वेगळी. इंग्लंडमधल्या त्या मूळ असोसिएशनच्या साध्या सभासदत्वात आणखी एक गंमत आहे. घरापासून पाव मैलाच्या आत गाडी बंद पडली तर मदत मिळत नाही, त्यासाठी वेगळे पैसे. जुनी गाडी साधारणपणे घराच्या फाटकातच बंद पडते, हे त्यांना फार लवकर कळलेलं दिसतं.

आपल्याकडे जुन्या गाडीचा खरा रोडसाइड असिस्टन्स बराच काळ रस्त्याच्या कडेलाच राहत होता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दर काही मैलांवर एक पंक्चरवाला, एक चहाची टपरी आणि एक मिस्त्री असे. गाडी तापली की बॉनेट उघडायची, चहा यायचा, मिस्त्री यायचा, आणि त्यांच्याबरोबर चार अनोळखी माणसं सल्ला द्यायला यायची. नव्या महामार्गांनी ही सगळी व्यवस्था कुंपणाबाहेर काढली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त. दुचाकीला प्रवेश नाही, म्हणजे तुमचा मिस्त्री एम८० वर अवजारांची पिशवी लटकवून येऊच शकत नाही. तिथे आणि एक्स्प्रेसवेवर महामार्गाची स्वतःची हेल्पलाइन असते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर आहे, तो फुकट आहे आणि गाडी कधीची म्हणून कुणी तुच्छतेने बघत नाही. क्रेन येते, गाडी बाजूला होते. पुढे ती कुठे न्यायची हा प्रश्न मात्र तुमचा आणि तुमच्या योजनेचा.

त्यामुळे अनुभवी मालक योजना घेतात ती डिकी भरल्यानंतर. डिकीत एक कॉइल, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, पेट्रोलची नळी, पाच लिटर पाणी, पंचा, दोर आणि जॅक. याच्यावर सामान ठेवायला जागा उरत नाही, त्यामुळे सहलीचं सामान मांडीवर. मग उरतं ते एवढंच, की डिकीने जे सुटत नाही, म्हणजे फुटलेला रेडिएटर किंवा तुटलेला अ‍ॅक्सल, ते योजनेने सोडवावं. योजनाही तेवढीच हवी: आपल्या मिस्त्रीपर्यंत फ्लॅटबेड. बाकी हॉटेलचा मुक्काम, कायदेविषयक सल्ला आणि फुलं पाठवण्याची सोय दिली नाही तरी हरकत नाही. त्यांची क्रेन पोचत नसेल तर स्वतः बोलावलेल्या क्रेनचे पैसे परत मिळतात का, हे विचारणाऱ्याला पलीकडून आदर मिळतो. मिळत असतील तर बिल कशा नमुन्यात हवं, तेही लगेच विचारून घ्यावं, कारण पोलादपूरच्या क्रेनवाल्याकडे बिलबुक असेलच असं नाही.

पुण्यातल्या मुरलेल्या मालकांची एक परीक्षा ठरलेली आहे. दोन-तीन ठिकाणी फोन करायचा आणि सांगायचं, समजा गाडी ताम्हिणी घाटात बंद पडली. पहिल्या ठिकाणी पिनकोड मागतात. दुसऱ्या ठिकाणी अ‍ॅपवर लोकेशन पाठवायला सांगतात. घाटात बऱ्याच वळणांवर नेटवर्क नसतं, हे ऐकल्यावर नेटवर्कमध्ये आल्यावर पाठवा असं सांगतात, बंद गाडीसकट. तिसऱ्या ठिकाणची बाई विचारते, "जवळची खूण?"

"धबधबा."

"काका, जुलैत सांगताय की आत्ता? जुलैत तिथे वळणावळणाला धबधबा असतो. मुळशीकडून चढताना की माणगावकडून?"

काकांनी हप्ता तिथेच भरला.